चंद्रकोर उमटण्याआधी

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट आणि हजर संख्या लिहून मी तासाला सुरुवात करते. गेली बारा वर्षं ऐरोलीतल्या शाळेत विज्ञान शिकवते आहे, हात आपोआप तिकडे जातो. जुलै २०२३ मध्ये एका सकाळी ‘हजर’ लिहिताना उजव्या खांद्यात इतक्या खोल कळ आली की खडू हातातून सुटला. ही कळ कातडीत नव्हती, स्नायूतही नव्हती. हाडाच्या गाभ्यात कुणीतरी अंगठा रुतवून ठेवावा, तशी होती. डाव्या हाताने उजवं कोपर धरून मी थोडा वेळ उभी राहिले. पहिल्या बाकावरच्या मुलीने खडू उचलून दिला आणि तास पुढे चालू झाला.

संध्याकाळी आईला फोन केला. आई चंद्रपूर जिल्ह्यात, गावी असते. ती म्हणाली, “पावसाची हवा आहे वं, सिकलचंच असन. पाणी पी भरपूर, अन् पांघरून झोप.”

मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाबा दोघांकडूनही आलेलं. नऊ वर्षांची होते तेव्हा नागपूरला तपासणीत कळलं. आमच्या विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. लग्न करून इकडे घणसोलीला आले तेव्हा मात्र प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असायला हव्यात. माझ्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अतिश्रम, काहीही निमित्त पुरतं. मग क्रायसिस येतो. हातपाय, पाठ, छाती दुखून माणूस लोळतो. लहानपणापासून हे सोसल्यामुळे आमच्याकडे कुठलंही दुखणं आलं की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: सिकलचंच आहे, पाणी पी.

मीही तेच धरून बसले. पण हे दुखणं क्रायसिससारखं वागत नव्हतं. क्रायसिस पुरासारखा येतो, चार-आठ दिवसांत ओसरतो. हे दुखणं जात नव्हतं आणि जागाही सोडत नव्हतं. दिवसा फळ्यावर हात वर केला की, लोकलमध्ये वरचं हँडल धरलं की, आणि रात्री दोन-अडीचच्या सुमाराला, काहीही न करता. त्या कुशीवर झोपणं बंदच झालं. उशी काखेत धरून मी पहाटेची वाट बघायचे. त्याच महिन्यात, १ जुलैला, मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली होती. गावाकडे पोरांची रक्ततपासणी चालू आहे म्हणून आई आनंदाने सांगायची. त्या तपासणीचं महत्त्व मी जाणते. पण या आजारात हाडं मरू शकतात, खुबा आणि खांदा निकामी होऊ शकतो, हे इतक्या वर्षांत कुणी मला धड बसवून सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात घराजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. “फ्रोजन शोल्डर आहे, या वयात बायकांना होतो,” असं म्हणून त्यांनी शेक आणि व्यायाम लिहून दिले. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते. सिकलसेल असल्याचं मी सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि पुढे गेले. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

चार महिने कोपरखैरण्याला फिजिओथेरपीला जात होते. तिथली फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण माझा खांदा ज्या माणसामुळे वाचला ती हीच. फेब्रुवारीत एके दिवशी तिने मला पाठीवर झोपवलं आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही हात पूर्ण सैल सोडा, मीच उचलते.” तिने हात वर नेला, बाहेर वळवला, आत वळवला. दुखलं, पण हात सगळीकडे गेला. ती थांबली. “फ्रोजन असता तर मी उचलला तरी हा हात अडला असता. बाहेर वळवताना तर पहिल्यांदा अडला असता. तुमचा सांधा मोकळा आहे, दुखतंय ते आत हाडात. तुम्हाला सिकल आहे ना? एमआरआय करा. तोवर मी ताण देणार नाही.” स्वतःकडचा पेशंट स्वतःहून थांबवणारी माणसं कमी असतात.

एमआरआयच्या नळकांड्यात पाऊण तास ठकठक ऐकत पडून राहिले. रिपोर्टवर लिहिलं होतं: दंडाच्या हाडाच्या वरच्या गोळ्यात अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. म्हणजे रक्त न पोचल्यामुळे हाडाचा तो तुकडा मेलेला. रिपोर्ट हातात घेऊन वाशीच्या रस्त्यावर उभी होते. ‘मेलेला’ हा शब्द स्वतःच्या शरीराबद्दल वाचणं फार वेगळं असतं.

पहिल्यांदा ज्या मोठ्या ठिकाणी दाखवलं, तिथे दहा मिनिटांत दोन पर्याय समोर आले: आत्ताच सांधा बदला, नाहीतर स्टेम सेलचं पॅकेज घ्या. पॅकेजचं छापील पत्रकही होतं. माझ्या हिमोग्लोबिनबद्दल, पूर्वीच्या क्रायसिसबद्दल एकही प्रश्न नव्हता. ह्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि आम्ही निघालो. घरी येताना दोघंही गप्प होतो.

दुसरे सर्जन ठाण्याचे, फक्त खांद्याचं काम करणारे. त्यांनी आधी जुने-नवे एक्स-रे शेजारी लावले आणि खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, “तुमच्या इमारतीत छताचा गिलावा कधी पडलाय?” आमची इमारत जुनी. दर पावसाळ्यात कुणाच्या तरी घरात पडतो. “पडण्याआधी काय होतं? वरून रंग चांगला असतो, पण ठोकून बघितलं की पोकळ वाजतं. तुमच्या खांद्याचा गोळा आत्ता तसा आहे. वरची कूर्चा म्हणजे तो गुळगुळीत थर, तो शाबूत आहे. त्याच्या खालचं हाड मेलंय. मेलेलं हाड लगेच ढासळत नाही, काही काळ आकार धरून राहतं. त्या काळात आपल्याला काम करायचंय.”

मग त्यांनी पाच टप्पे सांगितले. माँट्रियलचे सर्जन रिचर्ड क्रूस यांच्या नावाने ही वर्गवारी ओळखली जाते. पहिल्या टप्प्यात एक्स-रे साफ असतो, फक्त एमआरआयमध्ये दिसतं. माझा ऑक्टोबरातला एक्स-रे नॉर्मल आला होता तो म्हणूनच. दुसऱ्यात एक्स-रेमध्ये हाड कुठे दाट, कुठे विरळ दिसू लागतं, पण गोळा गोलच असतो. तिसऱ्यात कूर्चेच्या लगेच खाली हाडाला बारीक चीर जाते, एक्स-रेमध्ये ती काळ्या वाकड्या रेघेसारखी दिसते. चौथ्यात गोळा चपटा होतो. पाचव्यात समोरची खोबणही खराब होते. “ती तिसऱ्या टप्प्यातली रेघ म्हणजे क्रेसेंट,” ते म्हणाले, “आपल्या बायका कपाळावर लावतात ना, चंद्रकोर, हुबेहूब तशी. ती एकदा उमटली की सांधा वाचवायच्या ऑपरेशनचा भरवसा कमी होतो. तुम्हाला अजून उमटलेली नाही. तुम्ही दुसऱ्यात आहात.”

आई चंद्रकोर लावते. रात्री फोनवर तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

ऑपरेशनचं नाव कोर डीकॉम्प्रेशन. हाड बाहेरून टणक दिसतं, पण आत अस्थिमज्जा आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वाकड्या पेशींनी वाहिन्या तुंबल्या की आत सूज येते, आणि टणक कवचात सुजेला जागाच नसते. दाब वाढतो, दाबाने आणखी वाहिन्या मिटतात, आणखी हाड मरतं. दंडाच्या बाहेरच्या अंगाने बारीक छिद्र पाडून ड्रिल थेट मेलेल्या भागापर्यंत न्यायचं. त्याने आतला दाब उतरतो, दुखणं कमी होतं, आणि त्या बोगद्यातून नव्या रक्तवाहिन्या शिरायला वाट मिळते. सांधा उघडायचा नाही, कूर्चेला हात लावायचा नाही. खांद्यावर खुब्यासारखं अंगाचं वजन येत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

मी वर्गात मुलांना सांगते की प्रयोग कुणी, कशावर केला ते विचारा. म्हणून मीही वाचून गेले होते. सिकलसेलच्या रुग्णांच्या खुब्यावर अमेरिकेत एक चाचणी झाली होती, २००६ साली प्रसिद्ध झाली. काहींना कोर डीकॉम्प्रेशन आणि व्यायाम, काहींना फक्त व्यायाम. तीन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मी सरळ विचारलं, “मग मी का करू?”

त्यांना राग आला नाही. म्हणाले, “बरोबर वाचलंत. ती चाचणी खुब्याची, आणि रुग्ण थोडे. खांद्यावर भार वेगळा पडतो. लवकरच्या टप्प्यात खांद्याचं दुखणं याने कमी होतं असा आमचा सगळ्यांचा अनुभव आहे, पण हाड ढासळणारच नाही असं मी लिहून देणार नाही. तुम्ही सहा महिने व्यायाम केलात, ताण टाळलात, तरी रात्रीची झोप नाही. सांधा बदलण्याचं वय नाही तुमचं, कृत्रिम सांधा झिजतो आणि दुसऱ्यांदा बदलणं अवघड असतं. हे ऑपरेशन केल्याने पुढचं कुठलंही दार बंद होत नाही.” स्टेम सेलचं विचारलं तर म्हणाले, “खांद्यासाठी पुरावा अजून तोकडा आहे. तुमचे पैसे रक्ताच्या तयारीवर खर्च करू.” या दोन वाक्यांमुळे माझा निर्णय झाला. ज्याला ‘माहीत नाही’ म्हणता येतं, त्याच्या हातात खांदा द्यायला भीती वाटत नाही.

त्यांनीच दोन्ही खुबे आणि डावा खांदा यांचाही एमआरआय करायला लावला, कारण सिकलमध्ये, किंवा स्टेरॉइड जास्त दिवस घेतलेल्यांमध्ये, हे एकाच जागी थांबत नाही. करोनानंतर २०२१ मध्ये मुंबईत तरुण माणसांचे खुबे असे खराब झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यांच्यात स्टेरॉइडचाच संशय होता. माझे खुबे साफ निघाले. डाव्या खांद्यात मात्र लहानसा डाग सापडला, पहिल्या टप्प्यातला, न दुखणारा.

तारीख ठरली ३ मे २०२४, शुक्रवार. १ मेला निकाल वाटून झाले की दुसऱ्या दिवशी भरती. मधे निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश आला होता. ठाणे मतदारसंघाचं मतदान २० मेला होतं. सर्जनचं पत्र आणि एमआरआय जोडून अर्ज केला आणि नाव कमी करून घेतलं.

खरी तयारी रक्तविकारतज्ज्ञांची होती. माझं हिमोग्लोबिन ८.१ होतं. भूल आणि ऑपरेशनच्या ताणात पेशी वाकू नयेत म्हणून ते १० च्या आसपास न्यायचं ठरलं. २ मेला एक बाटली रक्त चढवलं. नुसता गट जुळवून भागत नाही. आम्हाला आयुष्यभर रक्त लागत असतं, म्हणून आरएच गटाचे बाकीचे घटक आणि ‘केल’ नावाचा रक्तगटही जुळवून घेतात, नाहीतर शरीर पुढच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. रात्रभर सलाइन चालू, कारण ऑपरेशनआधी उपाशी राहायचं म्हणजे पाणीही बंद, आणि सिकलच्या माणसाने कोरडं पडून चालत नाही. सिकलसेलच्या कुणाचंही ऑपरेशन ठरलं तर या तीन गोष्टी आधी विचाराव्यात: रक्त कुणी बघणार, सलाइन कधी लावणार, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये ऊब कशी ठेवणार.

भूलतज्ज्ञ बाई संध्याकाळी खाटेशी येऊन बसल्या. खांद्याच्या ऑपरेशनला साधारणपणे मानेतून नस बधिर करतात, दुखणं पंधरा-अठरा तास दाबलं जातं. पण त्या इंजेक्शनाने त्या बाजूचा श्वासपटल काही तास ढिला पडतो. निरोगी माणसाला कळतही नाही. २०१५ मध्ये मुलीच्या बाळंतपणानंतर मला ॲक्युट चेस्ट सिंड्रोम झाला होता, फुप्फुसात पेशी अडकून श्वास घेता येईना, पाच दिवस आयसीयूत होते. बाईंनी ते सगळं खोदून विचारलं, जुनी फाइल वाचली आणि म्हणाल्या, “मग मानेतून नको. पूर्ण भूल देऊ, आणि खांद्याच्या मागच्या नसा वेगळ्या बधिर करू. दुखणं थोडं जास्त राहील, पण तुमचा श्वास मला पूर्ण हवाय.”

जाताना त्यांनी हातात एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. तीन खाने, प्रत्येकात एक रंगीत गोळी, आणि एक नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर उचलल्या पाहिजेत आणि थोडा वेळ वर राहिल्या पाहिजेत. दोन गोळ्या लगेच उठल्या. तिसरी खान्याच्या तळाशी नुसती थरथरायची. मी मुलांना हवेचा दाब शिकवते. त्या रात्री त्या तिसऱ्या गोळीकडे बघत मी तासाला दहा श्वास मोजले.

ऑपरेशनमधलं मला आठवतं ते इतकंच, की थिएटरमध्ये गेल्या गेल्या अंगावर गरम हवा भरलेली चादर आली आणि मी रडले. इतक्या वर्षांत कुठल्याही दवाखान्यात मी न सांगता कुणी मला ऊब दिली नव्हती. बाकीचं नंतर सर्जननी सांगितलं. आरामखुर्चीत टेकून बसवतात तसं बसवलं. सी-आर्म, म्हणजे चालता एक्स-रे, खांद्याभोवती फिरवत दंडाच्या बाहेरून दोन सेंटिमीटरचा छेद घेतला. खाली सरकलं तर ॲक्सिलरी नस येते, तिला धक्का लागला तर हात उचलणारा स्नायूच लुळा पडतो. पुढे सरकलं तर बायसेप्सच्या खोबणीजवळून गोळ्याला रक्त नेणारी वाहिनी वर चढते, तीच तुटली तर ज्यासाठी आलो तेच बिघडलं. त्या दोन्हींच्या मधून आधी बारीक तार मेलेल्या भागात नेली, पडद्यावर दोन्ही बाजूंनी तपासली, मग तिच्यावरून ड्रिल. कूर्चेच्या अलीकडे काही मिलिमीटरवर थांबायचं. सगळं तासाभराच्या आत झालं. बाहेर ह्यांना मोबाइलवर शेवटचा फोटो दाखवला: गोल गोळा आणि त्यात शिरलेली एक सरळ वाट.

पहिली रात्र वाईट गेली. नस बधिर केलेली रात्री अकराच्या सुमाराला उतरली आणि खांद्याबरोबर पाय आणि कंबरही दुखायला लागली. मी औषध मागितलं. रात्रपाळीला असलेल्या कुणीतरी म्हटलं, “आत्ताच तर दिलं, सिकलवाल्यांना सवय असते मागायची.” हे वाक्य मी लहानपणापासून वेगवेगळ्या दवाखान्यांत ऐकत आले आहे. आम्ही दुखणं सांगतो तेव्हा ते आधीच खूप सोसून झालेलं असतं. नणंद सोबतीला होती, तिने आवाज चढवला, डॉक्टरांना फोन लावायला लावला, मग वीस मिनिटांत औषध आलं. त्याच रात्री ऑक्सिजन ९२ वर उतरला. छातीचा एक्स-रे साफ निघाला, पण नळीने ऑक्सिजन लावला आणि सकाळपर्यंत दर तासाला एक सिस्टर येऊन ते गोळ्यांचं यंत्र तोंडाशी धरायची. “ताई, अजून एक. तिसरी उठवा.” ती केरळची, मराठी मोडकंतोडकं. पहाटे पाचला तिसरी गोळी उठली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

भरती झाल्यापासून चौथ्या दिवशी, रविवारी, घरी. हात दोन आठवडे गळ्यात. पण तो नुसता बांधून ठेवायचा नव्हता. फिजिओथेरपिस्ट घरी आली, मला कमरेत वाकवलं, डावा हात टेबलावर टेकवायला सांगितला आणि उजवा खाली मोकळा सोडला. “हलवायचा नाही, अंग झुलवा, हात आपोआप झुलेल.” मी आठवीला, नववीला लोलक शिकवलाय. दोलनाचा काळ, लांबी, सगळं. माझाच हात लोलक होऊन जमिनीवर लहान वर्तुळं काढत होता आणि मुलगी स्टॉपवॉच लावून वीस फेऱ्या मोजत होती.

बंधन एकच, पण कडक: सहा आठवडे उजव्या हाताने वजन नाही. पाण्याची बादली नाही, कुकर नाही, भाजीची पिशवी नाही, मुरगाळायचं तर काहीच नाही, कपडे पिळणंसुद्धा नाही. हाडाला भोक पाडलेलं असतं. ते भरून येईपर्यंत पिळा पडला तर दंड तिथेच मोडू शकतो. दुखणं कमी झाल्यावर हे पाळणं जास्त कठीण. पंधराव्या दिवशी मी दुधाचं पातेलं उचलायला हात पुढे केला तेव्हा सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, “बाई गं, दोन महिने मला करू दे. माझे हात धड आहेत.”

२० मेला मतदान केलं. सही उजव्या हातानेच केली, कोपर पोटाशी ठेवून लिहायला मनाई नव्हती.

मेच्या चौथ्या आठवड्यात भिंतीचा व्यायाम सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथे अडेल तिथे दहा मोजायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाची एक. तिने स्वतःच माझ्यासाठी शेजारी दुसरी रांग सुरू केली. २४ मे, १२१ सेंटिमीटर. तिची शेवटची खूण १२८ वर होती. १ जूनला माझं बोट तिच्या खुणेला टेकलं. १५ जूनला शाळा उघडली तेव्हा मी १४६ वर होते.

शाळेत मी फळ्याचा खालचा अर्धा भाग वापरायला लागले. मागच्या बाकांना दिसत नाही म्हणून आकृत्या तक्त्यांवर काढून आणायचे. नववीतला एक उंच मुलगा रोज प्रार्थनेनंतर येऊन वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर लिहून ठेवायचा. मी त्याला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी हात अर्ध्यावर थांबवलेला त्याने बघितला असावा. लोकलमध्ये मात्र मी अजून उजव्या हाताने हँडल धरत नाही. ठाण्याहून येताना रबाळ्यापर्यंत गर्दी असते, तेव्हा दाराशेजारच्या फळीला टेकून उभी राहते.

रात्रीचं दुखणं आधी गेलं, पहिल्या दोन महिन्यांतच. ऑगस्टमध्ये एका सकाळी जाग आली तेव्हा मी उजव्या कुशीवर होते. काही वेळ हललेच नाही, तशीच पडून राहिले. हात वर करतानाचं दुखणं हळूहळू कमी झालं. पूर्ण गेलेलं नाही, थंडीत आणि जास्त लिहिल्यावर जाणवतं. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे. पाण्याची बाटली टेबलावर असते, ती दोन तासांत संपली पाहिजे हा माझा नियम वर्गातल्या मुलांनाही माहीत आहे.

सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी एक्स-रे झाले. मे २०२५ मध्ये एमआरआय झाला. मेलेला भाग तिथेच आहे. तो नाहीसा होत नाही, हे मला आधीच सांगितलं होतं. कडेने नवं हाड आलंय आणि गोळ्याचा पृष्ठभाग गोल आहे. सर्जननी दोन वर्षांचे फोटो शेजारी लावून पेन्सिलीच्या टोकाने गोळ्याची कड दाखवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेही खाच नव्हती. मी त्यांना ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं आणि त्यांनी दाखवलं.

मुलगी एएस आहे. आई एसएस आणि बाबा साधे असले की मूल वाहक असतंच, त्यामुळे ते आम्हाला जन्माआधीच माहीत होतं. तिला हा आजार होणार नाही, पण लग्नाच्या वेळी समोरच्याची तपासणी करायची हे तिला आत्तापासून पाठ आहे. माझ्या भावाची मुलगी मात्र एसएस आहे, बारा वर्षांची, गावी असते. दिवाळीत गेले तेव्हा ती गुडघ्यापेक्षा वर, जांघेत दुखतं म्हणाली, तीन आठवडे झाले. घरच्यांनी पाणी पाजलं होतं, शेकलं होतं. मी तिला झोपवून पाय आत वळवून बघितला आणि दुसऱ्या दिवशी भावाबरोबर नागपूरला पाठवलं. तिच्या खुब्याचा एमआरआय झाला. पहिला टप्पा आहे. आता ती कुबडी घेऊन शाळेत जाते, खुब्यावर भार येऊ नये म्हणून, आणि दर आठवड्याला मला व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून दाखवते.

माझ्या डाव्या खांद्याचा डाग आहे तेवढाच आहे. दर सहा महिन्यांनी बघायचं ठरलंय. परवा त्याचा एक्स-रे काढून घरी आले आणि आईला फोन लावला. मी काही सांगायच्या आधीच तिने विचारलं, “डाव्यात दिसते का वं कोर?”

“नाही दिसत,” मी म्हटलं.

“अन् पोरीच्यात?”

“तिच्यातही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, “पाणी पी.”